धातू हाडात रुजतो कसा?

बारामती-इंदापुरातही दातांच्या दवाखान्यांवर आता ‘इम्प्लांट’ची (जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू रोवून बसवलेल्या दाताची) पाटी दिसते. त्यामागचे विज्ञान :

• शोध : १९५२मध्ये स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियम काही केल्या निघेना. १९६५मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिला स्क्रू बसवला.

• थर : हवा लागताच टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. तोच त्याला गंजू देत नाही.

• खरखरीतपणा : बारीक कणांचा मारा आणि आम्लाची प्रक्रिया करून स्क्रू मुद्दाम खरखरीत करतात, म्हणजे हाड लवकर धरते.

• थेंब : पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करून पसरला, तर पृष्ठभाग जलस्नेही; अशा स्क्रूलाही हाड लवकर धरते.

• खबरदारी : तंबाखू सोडा, रक्तातली साखर आटोक्यात ठेवा आणि इम्प्लांटचे बॅच क्रमांकाचे स्टिकर मागून फाइलला लावा.