काचटाकीतला मिशाळ साप

थायलंड, कंबोडिया, व्हिएतनामच्या संथ, गढूळ पाण्यातला एक साप काही हौशी लोक घरच्या काचटाकीत पाळतात. नाकाशी दोन मांसल मिशा, लांबी दोन-अडीच फूट, आणि जवळजवळ सारं आयुष्य पाण्यात.

त्याची शिकार पाहण्यासारखी असते. मासा जवळ येईपर्यंत तो काडीसारखा निश्चल राहतो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ केनेथ कटानिया यांनी २००९ मध्ये त्याची लबाडी उघड केली: साप अंगाला हलका झटका देतो, दचकलेला मासा उलट दिशेला उसळतो आणि बरेचदा थेट सापाच्या तोंडाकडेच येतो!

पाळणं मात्र कटकटीचं. पाणी कोमट आणि किंचित आम्लधर्मी लागतं. ते बिघडलं तर कातडीला बुरशी धरते. खाणं मासेच, तेही बहुधा जिवंत.

आपल्या विहिरीतली बिनविषारी दिवड मात्र घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.