मे महिन्यातले घर आणि जुलै महिन्यातले घर

लहान मुलांना घेऊन मालवण किनाऱ्यावर राहायला जाताना काय पाहावे?

दोन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाची बदली मालवण तालुक्यात झाली. तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती आणि मुलगा दीड वर्षाचा. मुंबईच्या उपनगरातली एक खोली सोडून आम्ही चौघे सिंधुदुर्गात आलो. त्यानंतर अनेक समाजबांधवांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला आहे. कोणी शिक्षक म्हणून येतो, कोणी परिचारिका, कोणी बँकेत, कोणी वडिलांच्या माघारी बंद पडलेले घर उघडायला. सगळ्यांचा प्रश्न असतो : "मुले लहान आहेत, घर कुठे बघू?" या लेखात आम्ही त्याचे उत्तर आरोग्याच्या बाजूने देत आहोत.

आपण मुंबईकर गाव बघतो ते बहुतेक मे महिन्यात. शाळांना सुट्टी असते, वाडीत बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम असतो, आंबे-फणस असतात. खळे स्वच्छ सारवलेले असते. त्या दिवसांत घर पसंत पडायला वेळ लागत नाही. आम्ही घरे बघत फिरत होतो तेव्हा वाडीतल्या एका आजींनी आम्हाला सांगितले, "मे म्हयन्यात सगळीच घरां बरी दिसतत. पावसात येवन बघा." या एका वाक्यातच सगळे आले, असे आम्हाला आज वाटते. मुलांसाठी घराची परीक्षा दोनदा घ्यावी लागते : पाण्याची मे महिन्यात, आणि बाकी सगळ्याची जुलैमध्ये. दोन्ही वेळा जाणे जमत नसेल, तर निदान दोन्ही महिन्यांचे प्रश्न विचारावेत.

मे महिन्याचा प्रश्न : पाणी

कोकणात पाऊस भरपूर पडतो, पण जांभ्याच्या जमिनीतून तो लवकर निचरून जातो. जी विहीर ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली असते, तिच्या तळाला एप्रिल-मे महिन्यात कळशी टेकते. किनाऱ्याच्या पट्टीत आणखी एक अडचण असते. देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे जमिनीची अरुंद पट्टी. अशा जागी गोड्या पाण्याचा उपसा वाढला की विहिरीला खारटपणा येतो. म्हणून विहिरीचे पाणी मे महिन्यात स्वतः चाखून पाहावे. शेजारच्या बाईला विचारावे, "उन्हाळ्यात पाणी कुठून आणता?" घरमालकापेक्षा तिचे उत्तर अधिक खरे असते.

मग विहीर आणि शौचालयाचा खड्डा यांतले अंतर मोजावे. ते किमान 15 मीटर, म्हणजे 50 फूट तरी हवे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे त्याहून जास्त असेल तर उत्तम, आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावा. सार्वजनिक विहीर किंवा नळयोजना असेल, तर पाण्यात ब्लिचिंग पावडर कोण आणि किती दिवसांनी टाकते ते ग्रामपंचायतीत विचारावे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून आरोग्य विभाग ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाला कोणते मिळाले आहे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. काहीही असले तरी पाच वर्षांखालच्या मुलाचे पाणी उकळूनच द्यावे आणि घरात ओआरएसची पाकिटे ठेवावीत. नव्या जागी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुलांचे पोट बिघडणे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

पाण्याबद्दल एवढे लिहिण्याचे कारण या पानाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेही याच कोकणात. तो हक्काचा लढा होता. आज कायद्याने पाणी सर्वांचे आहे. पण आपल्या वाडीपर्यंत येणारे पाणी स्वच्छ आहे की नाही, हे तपासून घेण्याचे काम अजून आपल्यालाच करायचे आहे.

जुलैचा प्रश्न : रात्रीचे दोन वाजले आहेत

आता डोळ्यांपुढे जुलैची रात्र आणा. पाऊस कोसळतो आहे, वीज गेली आहे, मुलाला ताप चढला आहे आणि श्वास जोरात चालतो आहे. या घरातून डॉक्टरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल?

नकाशावर दिसणारे किलोमीटर इथे फसवतात. वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये व्हाळ आहे का? त्यावर साकव आहे की पूल? पुराच्या वेळी तो किती तास पाण्याखाली असतो? चारचाकी घराच्या दारापर्यंत येते, की आजारी माणसाला पाणंदीतून उचलून न्यावे लागते? 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, पण ती बोलावायला फोन लागला पाहिजे. म्हणून घर बघताना मोबाईलची रेंज अंगणात नाही, आतल्या खोलीत पाहावी. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी फोन चार्ज करायलाही शेजारी लागतात.

जिल्ह्यातली आरोग्यसेवा कशी विखुरलेली आहे, ते नवख्या माणसाने समजून घ्यावे. जवळ उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मालवणला ग्रामीण रुग्णालय. जिल्हा रुग्णालय मात्र ओरोसला, म्हणजे मालवणपासून तीसेक किलोमीटर आत, महामार्गालगत. त्याहून गंभीर रुग्णाला अनेकदा गोव्यात बांबोळीला नेतात. ते अंतर मालवणहून शंभर किलोमीटरहून अधिक आहे. त्यामुळे किनाऱ्यापासून जरा आत, मालवण–कसाल किंवा मालवण–कुडाळ रस्त्यावरचे गाव मुलांच्या दृष्टीने अधिक सोयीचे ठरू शकते. ज्यांच्या मुलाला दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी तर कुडाळ, ओरोस किंवा कणकवलीजवळच घर घ्यावे आणि नोकरीला ये-जा करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूल दूध-पाणी घेत नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, झटके आले असतील किंवा ते उठवूनही जागे होत नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. घर निवडताना याच प्रसंगाचा विचार करायचा आहे.

घराभोवतीची जमीन

चिऱ्याचा गडगा, पडवीत रचलेली लाकडे, नारळाच्या सोडणांचा ढीग. कोकणातल्या घराचे हे नेहमीचे रूप, पण साप-विंचवालाही तीच जागा आवडते. फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप इथे आहेत. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश कळतही नाही. म्हणून मुले खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपवावीत. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना मोठ्या माणसांपेक्षा जास्त घातक असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोहोचायला हवे. मांत्रिकाकडे, उताऱ्याकडे घालवलेला तास परत मिळत नाही. आपल्या केंद्रात सर्पदंशाची लस आहे का, हे घर ठरवण्याआधीच विचारून ठेवावे.

दुसरा धोका पाण्याचा. मुंबईच्या मुलाला विहीर, तळी, खाडी म्हणजे काय ते ठाऊक नसते. विहिरीला कठडा आहे का? नसेल, तर तो बांधून मिळाल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकू नये. आसपास सोडून दिलेली चिरेखाण आहे का? पावसात ती भरते, कडा सरळ तुटलेल्या असतात आणि आत पडलेल्याला वर येता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती.

तिसरा धोका चिखलाचा. भातलावणीच्या दिवसांत या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून, पायाच्या छोट्या जखमेवाटे शरीरात शिरतात. गोठा, शेणकी आणि मुलांच्या खेळायची जागा एकमेकांपासून दूर हवी. पावसात मुले अनवाणी नकोत. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलपट्टीत 2016 पासून माकडतापही आढळला आहे. तिकडे बदली झालेल्यांनी मेलेल्या माकडाची खबर आरोग्य केंद्राला द्यावी आणि मुलांना गोचिडींपासून जपावे.

शेजार आणि आडनाव

आता अवघड विषय. आम्हाला एका गावात घर फार आवडले होते. भाडे ठरले, अनामत ठरली. मग मालकाने आडनाव विचारले, गाव विचारले, वाडी विचारली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "घर द्यायचं नाही असं ठरलंय." हा अनुभव आमचा एकट्याचा नाही, हे वाचकांना माहीत आहे.

अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 खाली गुन्हा आहे. ज्यांना लढायचे आहे त्यांनी जरूर लढावे. निरोप, संदेश, साक्षीदार जपून ठेवावेत. पण आरोग्याच्या पानावर आम्हाला याची दुसरी बाजूही सांगायची आहे. वर ज्या रात्रीचे वर्णन केले, त्या रात्री शेजाऱ्याचे दार वाजवावे लागते. ते दार उघडेल का? ज्या आळीत मुलीला दुसऱ्यांच्या पडवीत पाणी वेगळ्या भांड्यातून मिळेल, तिथे तिचे वजन वाढेल, पण मन खुरटेल. म्हणून घर ठरवताना शेजारच्या चार घरी जाऊन बसावे, आपले नाव-गाव न लपवता सांगावे आणि चहा कसा येतो ते पाहावे.

आम्ही परत गावाकडे निघालो, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांनी विचारले होते, "बाबासाहेबांनी शहराकडे जायला सांगितलं, तुम्ही उलटे का चाललात?" प्रश्न योग्यच होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर टीका केली होती, आणि ती अनुभवातून आलेली होती. आमचे उत्तर एवढेच की आम्ही आज पगार घेऊन, कायदा माहीत असताना, आमच्या अटींवर आलो आहोत. गावातली कोणती जागा मुलांना द्यायची, हे आता गाव ठरवणार नाही, आम्ही ठरवणार.

अंगणवाडी, शाळा, लसी

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत हवी. अंतरासोबत वाट पाहावी : मूल पावसात एकटे जाऊ शकेल का? अंगणवाडीत एक सकाळ बसून यावे. पोषण आहार शिजतो का, वजनकाटा चालू आहे का, सेविका मुलांना जवळ घेते का, हे तासाभरात कळते.

जुने गाव सोडण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत वर ठेवावे. आधीच्या अंगणवाडीतून नाव नव्या अंगणवाडीकडे वळवून घ्यावे. स्थलांतरात लसी चुकतात, विशेषतः दीड ते दोन वर्षांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पाचव्या वर्षीचा बूस्टर. आमच्या दोन्ही मुलांच्या याच लसी तेव्हा बाकी होत्या. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात आशाताईंना भेटलो आणि दोन्ही पूर्ण झाल्या.

वाडी की शहर?

शेवटी आम्ही मालवण–कसाल रस्त्यालगत एक साधे घर घेतले. समुद्र दिसत नाही. पण विहिरीला कठडा आहे, मे महिन्यात पाणी आहे, गाडी दारात येते, आणि शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी मुलीच्या हातात खोबऱ्याची वडी ठेवली. आमची वाडी इथून जवळ आहे. दर रविवारी विहारात जातो.

आमच्या वाडीत मात्र आम्ही राहिलो नाही, कारण तिथे पोहोचायचा साकव पावसात बुडतो. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही. ज्यांच्याकडे पगार आहे त्यांनी रस्त्यालगत घर घ्यायचे, आणि ज्यांची बाळे वाडीत जन्मली त्यांनी साकवापलीकडे थांबायचे, हा आरोग्याचा न्याय नव्हे. म्हणून प्रत्येक वाचकाला आमची विनंती आहे. आपल्या वाडीसाठी वर विचारलेले प्रश्न एका कागदावर लिहा : पाणी, साकव, रेंज, विहिरीचा कठडा, सर्पदंशाची लस, अंगणवाडी. पुढच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. आमच्या वाडीचा साकव या वर्षी विषयपत्रिकेवर आला आहे. पुढच्या जुलैपर्यंत त्याचा पूल झाला, तर आम्ही घर बदलायचा विचार करू.