धावपट्टीच्या तोंडाशी

टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी तटरक्षक दलाचं एक विमान थांबारेषेशी न थांबता थेट धावपट्टीवर गेलं आणि सुमारे ४० सेकंद तिथंच उभं राहिलं. मागून उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्यावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण वाचले. छोट्यातल्या सहापैकी पाच जण गेले. तटरक्षक दलाच्या वैमानिकाचा गैरसमज झाला, हे खरंच. पण प्रश्न त्या ४० सेकंदांचा आहे. नियंत्रकांच्या पडद्यावर इशारा उमटत होता. तो कुणाच्या लक्षात आला नाही. यंत्राला कळलं होतं, ब्रेकवर ज्यांचे पाय होते त्यांना मात्र नाही.

म्हणून इशारा थेट वैमानिकाच्या नजरेसमोर हवा. अमेरिकेतल्या काही मोठ्या विमानतळांवर विमान उतरत किंवा उड्डाणासाठी धावत असलं, की टॅक्सीवेच्या तोंडाशी जमिनीत बसवलेले लाल दिवे रडारच्या माहितीवरून आपोआप लागतात. नियंत्रकाला बटणही दाबावं लागत नाही. (दिवे विझले म्हणजे परवानगी मिळाली, असं मात्र नाही, ती नियंत्रकच देतो.) खोट्या इशाऱ्यांनी विमानं खोळंबतील, हा आक्षेप रास्त आहे, पण खोळंबा भरून काढता येतो. रेडिओवरचं बोलणं काटेकोर ठेवलं की पुरे, हा आक्षेप मात्र टिकत नाही. १९७७ साली टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांनी सांगितलं होतं. त्याच क्षणी नियंत्रकही बोलत होता, दोन्ही संदेश एकमेकांत मिसळले आणि त्याच धावपट्टीवरून उड्डाणासाठी धावू लागलेल्या केएलएमच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये नुसती शिटी ऐकू आली. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली.