काळ्या पट्टीतील अक्षरे

मुचकुंदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडाच्या परिसरातील कित्येक घरे एके काळी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालत. आज त्याच घरांतील माताभगिनींच्या हाती बँकेचे कार्ड आले आहे. मुलांची शिष्यवृत्तीही खात्यात जमा होते. परंतु कार्डाच्या पाठीवरील काळ्या पट्टीत काय लिहिलेले असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्या पट्टीत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला लोहचुंबकच. लिहिणारे यंत्र या कणांची दिशा ठरवते. पट्टीची समान लांबीची घरे कल्पावीत. प्रत्येक घराच्या सीमेवर चुंबकत्वाची दिशा उलटते. घराच्या मध्यावरही उलटली तर तो 'एक', न उलटली तर 'शून्य'. कार्ड यंत्राच्या खाचेतून ओढले की दिशा बदलेल तिथे यंत्रातील तारेच्या वेटोळ्यात विजेचा क्षीण स्पंद उमटतो. सीमेवरचे स्पंद न चुकता येत असल्याने हात सावकाश चालो वा झपाट्याने, वाचनात चूक होत नाही. पहिल्या ओळीत जास्तीत जास्त ७९ चिन्हे मावतात व तीत खातेदाराचे नावही असते. दुसरीत ४० मावतात, तीत कार्डाचा क्रमांक व मुदत असते. शिल्लक रक्कम पट्टीत नसते. क्रमांक बँकेच्या संगणकाकडे जातो आणि तेथून परवानगी येते.

या लेखनाचा दोष असा की ते कायम तेच राहते. एकदा वाचले की दुसऱ्या पट्टीवर जसेच्या तसे उतरवता येते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून खोट्या परवानग्या देण्यात आल्या आणि नकली कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले; एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते. म्हणूनच केवळ पट्टीची कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. म्हणून आम्हांस येथे खोताची वही आठवते. तीत आपल्या पूर्वजांच्या नावे काय मांडले आहे, हे त्यांना वाचता येत नसे. अंगठा मात्र त्यांचाच असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच कोकणातील कुळांसाठी. ज्यांच्यासाठी हा लढा झाला, त्यांच्या नातवंडांनी कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे पुन्हा न वाचता अंगठा देणेच होय.

ऐकीव गोष्ट स्वतः तपासून पाहावी, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आमच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर आईला ही पट्टी दाखवावी, तिचा अर्थ समजावून सांगावा आणि पिन तिचा तिनेच टाकावा, एवढा आग्रह धरावा.