आकाशकाची पट्टरुंदी

रेडिओ तरंगांचे प्रक्षेपण वा ग्रहण करणारा आकाशक, म्हणजेच व्यवहारातील अँटेना, ज्या कंप्रता-व्याप्तीत समाधानकारक कार्य करतो, त्या व्याप्तीस त्याची पट्टरुंदी म्हणतात. ती बहुधा मध्य कंप्रतेच्या शेकडेवारीत सांगतात. पुरविलेल्या शक्तीपैकी सुमारे ११ टक्क्यांहून अधिक शक्ती परावर्तित होऊन मागे येऊ नये, ही त्यासाठीची रूढ कसोटी आहे. पट्टरुंदी आकाशकाच्या आकारावर व आकारमानावर अवलंबून असल्याने ती मुख्यतः अभिकल्पाच्या वेळीच ठरवावी लागते.

पॅच आकाशक : या तत्त्वाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे पॅच आकाशक होय. विद्युत् अपारक पदार्थाच्या पातळ तक्त्याच्या एका बाजूस धातूचा लहानसा चौकोनी तुकडा व दुसऱ्या बाजूस धातूचा सलग थर, अशी त्याची रचना असते. याची कल्पना १९५३ मध्ये मांडली गेली. व्यवहार्य आकाशक १९७० नंतरच्या दशकात तयार झाले. तुकड्याची लांबी अपारकातील तरंगलांबीच्या जवळजवळ निम्मी असली म्हणजे अनुस्पंदन घडून येते आणि तुकड्याच्या दोन कडांपासून प्रारण बाहेर पडते. मात्र दोन्ही पृष्ठे अगदी जवळ असल्याने बरीच ऊर्जा त्यांच्यामध्येच धारित्राप्रमाणे साठून राहते. प्रत्येक आवर्तनात बाहेर पडणाऱ्या ऊर्जेच्या मानाने साठलेली ऊर्जा जितकी अधिक, तितकी पट्टरुंदी कमी. २,४५० मेगॅहर्ट्झसाठी १.६ मिमी. जाडीच्या काचतंतू-एपॉक्सी तक्त्यावर सुमारे २.९ सेंमी. लांबीचा तुकडा लागतो. त्याची पट्टरुंदी २ ते ३ टक्के, म्हणजे ५० ते ७५ मेगॅहर्ट्झ भरते; परंतु वाय-फायसाठीचा २,४०० ते २,४८३.५ मेगॅहर्ट्झचा पट्टा तीत पूर्ण मावत नाही.

पट्टरुंदी बदलण्याच्या पद्धती : तक्ता अधिक जाड व कमी अपारक स्थिरांकाचा घेणे, हा सर्वांत सरळ उपाय होय. याकरिता फेस-प्लॅस्टिक किंवा केवळ हवेचे अंतर वापरतात. तथापि अपारक तक्त्याची जाडी वाढविल्यास त्याच्या पृष्ठालगत तरंग पसरू लागतात. शिवाय शक्ती पुरविणाऱ्या लांब खिळ्याचे प्रवर्तकत्व जुळणीत बाधा आणते. दुसऱ्या पद्धतीत मुख्य तुकड्याशेजारी किंचित वेगळ्या लांबीचे तुकडे अरुंद फटीने युग्मित करतात. त्यांची अनुस्पंदने एकमेकांस लागून येतात व सलग रुंद पट्टा मिळतो. या पद्धतीवर गिरीश कुमार व के. सी. गुप्ता यांनी १९८४ मध्ये महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या गिरीश कुमार यांचा के. पी. राय यांच्यासह लिहिलेला या विषयावरील ग्रंथ २००३ मध्ये प्रकाशित झाला. जाड, हवायुक्त रचनेतील तुकड्यात इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खाच पाडल्यास एकाच तुकड्यात दुसरे अनुस्पंदन निर्माण होते व पट्टरुंदी ३० टक्क्यांच्या आसपास नेता येते. ही पद्धती १९९५ मध्ये पुढे आली.

अपारकातील ऊर्जाक्षयामुळेही पट्टा रुंदावतो. वरील काचतंतू-एपॉक्सी आकाशकाच्या पट्टरुंदीतील मोठा भाग याच कारणाने लाभलेला असतो. पण तेथे शक्ती प्रारित न होता उष्णतेत जाते. म्हणून केवळ परावर्तन कमी आहे, एवढ्यावरून आकाशक चांगला ठरत नाही. उलटपक्षी, प्रत्येक ठिकाणी रुंद पट्ट्याची गरज नसते. जीपीएस ग्राहकातील १,५७५.४२ मेगॅहर्ट्झचा आकाशक उच्च अपारक स्थिरांकाच्या मृत्तिका-पदार्थावर बसवून लहान करतात. त्याचा पट्टा अरुंद असला, तरी संदेशही अरुंद असल्याने तो पुरेसा होतो. मात्र वर प्लॅस्टिकचे आवरण येताच अनुस्पंदन सरकते, हे अभिकल्पात आधीच धरावे लागते.

खोडद येथील उदाहरण : पट्टरुंदीचे मोल किती, हे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात पाहावयास मिळते. नारायणगाव-वारूळवाडीजवळील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारण्यात आली. तीत प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तबकडी केवळ तरंग एकत्र आणते. ते ग्रहण करणारा खरा आकाशक म्हणजे केंद्रस्थानचा संभरक होय. येथील संभरक पॅच प्रकारचे नाहीत, परंतु त्यांनाही हाच नियम लागू पडतो. प्रारंभी एका वेळी कमाल ३२ मेगॅहर्ट्झचा पट्टा नोंदविता येत असे. तबकड्या त्याच ठेवून संभरक, विवर्धक व संगणन-यंत्रणा यांत बदल केल्यावर ही मर्यादा ४०० मेगॅहर्ट्झपर्यंत गेली. नव्या संभरकांपैकी एक २५० ते ५०० मेगॅहर्ट्झ, म्हणजे मध्य कंप्रतेच्या सुमारे ६७ टक्के, पट्टा व्यापतो. तर दुसरा ५५० ते ८५० मेगॅहर्ट्झवर चालतो.

उदासीन हायड्रोजनाचे प्रारण मुळात १,४२० मेगॅहर्ट्झवर असते. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकांमधून येताना त्याची कंप्रता उतरते. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेले प्रारण ७१० मेगॅहर्ट्झच्या आसपास सापडते. दीर्घिकांची अंतरे वेगवेगळी असल्याने त्यांचे संदेश अनेक कंप्रतांवर विखुरलेले असतात आणि अरुंद पट्ट्यात त्यांतील थोडेच येतात. ५५० ते ८५० मेगॅहर्ट्झच्या रुंद पट्ट्यामुळे ७,६५३ दीर्घिकांचे अतिक्षीण संदेश एकत्र करून त्यांतील हायड्रोजनाचे सरासरी प्रमाण काढणे शक्य झाले. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रुंद पट्ट्याबरोबर मानवनिर्मित रेडिओ संदेशही आत येतात. त्यामुळे अशा आकाशकास योग्य छानक्यांची जोड द्यावी लागते.