नमुना परिपथ फलकांचे हाती डाखकाम

नमुना परिपथ फलकांचे हाती डाखकाम म्हणजे नव्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या चाचणीसाठी बनविलेल्या मोजक्या छापील फलकांवर (पीसीबी) सुटे घटक यंत्राविना डाख देऊन बसविणे होय. यंत्रजुळणीत स्टेन्सिल व मांडणीचा खर्च पहिल्या फलकापूर्वीच येतो. पाच-दहा नगांसाठी तो सहसा परवडत नाही. बाजारात ‘सोल्डरिंग’ हाच शब्द रूढ असला, तरी ‘डाख’ हा मराठी धातुकामातील जुना व नेमका शब्द आहे.

डाख

६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे यांचा मिश्रधातू १८३° से. तापमानाला घनरूपातून थेट द्रवरूपात जातो. मधली लापशीसारखी अवस्था नसल्याने निवताना सांधा हलून बिघडण्याची शक्यता कमी असते. कथिल, चांदी व तांबे यांचा शिसेविरहित डाख सुमारे २१७° ते २२०° से.ला वितळतो. युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून बहुतेक विक्रेय उपकरणांत शिशावर निर्बंध आहेत. डाखाच्या तारेतील राळ धातूवरील ऑक्साइडचा थर काढते. धूर मुख्यतः या राळेचा असतो आणि तो दम्यास कारण ठरू शकतो. शिसे मात्र हातांवाटे पोटात जाते. म्हणून कामानंतर हात धुणे अनिवार्य आहे.

कृती व दोष

टोकाने घटकाचा पाय व फलकावरील तांब्याची टिकली एकत्र तापवून डाख सांध्याला लावावा, टोकाला नव्हे. १.२७ मिमी अंतराच्या पायांची चिप आधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पक्की करून, फ्लक्स लावून, उरलेले पाय ओळीने डाखतात. पायांमध्ये साचलेला डाख तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घेता येतो.

भूसंपर्काचा रुंद तांबेपट उष्णता ओढून घेतो आणि तेथेच ‘थंड सांधा’ राहतो. असा सांधा चाचणीत कधी वाहतो, कधी तुटतो. परिणामी दोष आराखड्याचा समजून निर्दोष परिपथच बदलला जातो; वाया गेलेले हे दिवस डाखाच्या खर्चाहून कितीतरी महाग पडतात. तेथे तापमान वाढविण्यापेक्षा रुंद टोक वापरावे, कारण अतितापाने टिकली फलकापासून सुटते. वीज जोडण्यापूर्वी पुरवठा व भूसंपर्क यांत लघुपरिपथ नाही, हे मल्टिमीटरने तपासावे.

खर्च व मर्यादा

काटकसर करताना तापमान-नियंत्रित डाखणी व भिंग यांवर मात्र हात आखडता घेऊ नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे साहित्य सुटे मिळते. पोटाखाली गोलाकार जोड असलेल्या (बीजीए) चिपांपर्यंत डाखणीचे टोक पोहोचत नाही. त्यांना उष्ण हवा किंवा तापपट्टी लागते. त्यामुळे हाती जुळणी करावयाची असल्यास बाहेर पाय असलेले घटक आराखड्याच्या वेळीच निवडतात.