मतपत्रिकेंतील पाठदोष

जुन्या पोथीचा पाठ निश्चित करितांना ग्रंथकाराच्या अभिप्रायाइतकाच लेखनिकाच्या हाताचा विचार करावा लागतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. 'घ'चा 'ध' होतो, 'म'चा 'भ' होतो. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दानें झाला असल्यास नकलकाराची नजर मधली ओळ ओलांडून जाते. तेथें आपण ग्रंथकारास दोष देत नाहीं. निवडणुकीचा निकाल हाहि एक लेखच होय. मतदाराचा अभिप्राय पेटी, पत्रिका आणि चिन्ह यांच्या द्वारें त्यांत उतरतो. निकाल चमत्कारिक दिसला कीं लोकांस अडाणी म्हणण्याची चाल आहे. तसें म्हणण्यापूर्वीं दोष मूळ अभिप्रायांत आहे कीं नकलेंत, याची परीक्षा झाली पाहिजे. तदर्थ तीन उदाहरणें येथें देतों.

पहिलें उदाहरण आमच्या बांद्याच्या शेजारचें. ता. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यांत जनमत-कौल झाला. महाराष्ट्रांत विलीन होण्यास 'फूल' व संघप्रदेश म्हणून वेगळें राहण्यास 'दोन पानें' अशीं दोनच चिन्हें होतीं. पानांस १,७२,१९१ व फुलास १,३८,१७० मतें पडलीं. बाद मतें ७,२७२. पुढें मार्च महिन्यांतील विधानसभेच्या निवडणुकींत मात्र विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षासच लोकांनीं पुन्हां सत्तेवर बसविलें. विसंगति दिसते खरी. परंतु ३४,०२१ मतांच्या अंतरापुढें बाद मतें अल्प आहेत, आणि चिन्हांत तर कसलेंच साम्य नाहीं. अर्थात् पाठ शुद्ध आहे. प्रदेश वेगळा असावा कीं नाहीं, आणि राज्य कोणीं चालवावें, हे प्रश्न दोन. लोकांनीं उत्तरेंहि दोन दिलीं.

दुसरें उदाहरण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचें. त्या वेळीं मतपत्रिकेवर खूण करावयाची नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी व तीवर त्याचें चिन्ह. मतदारानें पडद्याआड जाऊन आपली पत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची. १९५२ सालीं मुंबईच्या उत्तर भागांतील मतदारसंघ द्विसदस्य असून एक जागा अनुसूचित जातींसाठीं राखीव होती. मतदाराचीं मतें दोन, पण एका उमेदवारास एकच देतां येई. दोन्ही पत्रिका एकाच पेटींत पडल्यास एक वाया जाई. राखीव जागेसाठीं नारायण सदोबा काजरोळकर यांस १,३८,१३७ व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस १,२३,५७६ मतें मिळालीं. अंतर १४,५६१, बाद पत्रिका ७४,३३३. कांहीं मतें हेतुपुरस्सर वाया घालविण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांनीं निवडणूक-अर्ज केला. तो फेटाळला गेला. आम्हीहि निकाल उलटवूं पाहत नाहीं. परंतु अंतराच्या पांचपट पत्रिका बाद झाल्या असतां तो पाठ निःसंदिग्ध म्हणवत नाहीं. द्विसदस्य मतदारसंघ पुढें १९६१ च्या कायद्यानें रद्द झाले.

तिसरें उदाहरण २०२४ च्या लोकसभेचें. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचें चिन्ह 'तुतारी वाजविणारा माणूस' हें होतें. अपक्षांस मिळणाऱ्या चिन्हांत 'ट्रंपेट' हें वाद्य होतें व त्यासहि मराठींत 'तुतारी' हेंच नांव दिलें गेलें. लोकांत त्यास पिपाणी म्हणतात. साताऱ्यांत शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनीं हरले व उदयनराजे भोसले निवडून आले. पिपाणीच्या अपक्षास ३७,०६२ मतें पडलीं. दिंडोरींत त्याच चिन्हाच्या, शिवाय भगरे याच आडनांवाच्या अपक्षास १,०३,६३२ मतें मिळालीं. पक्षाचे भास्कर भगरे तेथें १,१३,१९९ मतांच्या फरकानें विजयी झाल्यामुळें दोष झांकला गेला. पिपाणीचें प्रत्येक मत चुकलेलेंच, असें आमचें म्हणणें नाहीं. एक शब्द दोन ठिकाणीं आला म्हणजे नजर घसरते, एवढेंच येथें दिसतें.

यावरून एक कसोटी निघते. विजयाचें अंतर एका पारड्यांत ठेवावें. बाद मतें व सारख्या चिन्हाकडे गेलेलीं मतें दुसऱ्यांत. दुसरें पारडें हलकें असेल तर निकाल कितीहि अनपेक्षित असो, तो लोकांचा. जड असेल तर मतदारास बोल लावण्यापूर्वीं पेटी व पत्रिका तपासावी.

परंतु तपासावयास तीं उरलीं पाहिजेत. मतदानाचे कागद ठराविक मुदतीनंतर नियमानेंच नष्ट केले जातात. मागें राहतात ते पक्षांनीं वांटलेले नमुने, भिंतींवरचीं चिन्हपत्रकें व उमेदवारांच्या याद्या. तेहि लौकरच रद्दींत जातात. सनदा व ताम्रपट जपणाऱ्या संग्राहकांनीं या कागदांसहि एक दप्तर बांधावें, अशी आमची विनंति आहे. आणखी शंभर वर्षांनीं कोणी साताऱ्याचे आंकडे वाचील. त्यावेळीं तीं दोन चिन्हें त्याच्यापुढें नसलीं, तर लेखनिकाचा प्रमाद तो ग्रंथकाराच्याच माथीं मारील.